बॅटलफील्ड ३, आर्मर्ड किल: टँक कसा चालवावा आणि कोणाबरोबर

कातळकडा | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

इथे गेमिंगवर फारसं कोणी लिहीत नाही, आणि लिहिलं तर ते बहुतेक बंदूक घेऊन पळण्याबद्दल असतं. मला टँकबद्दल लिहायचंय. नेमकं सांगायचं तर बॅटलफील्ड ३ च्या 'आर्मर्ड किल' या विस्तारातल्या टँकबद्दल. २०१२ च्या सप्टेंबरात तो आला तेव्हा आम्ही चौघं कोथरूडला एका फ्लॅटवर राहायचो. पीसीवर त्याचे सर्व्हर अजून चालू आहेत. मागच्या आठवड्यात मी परत शिरलो आणि दोन तासांत तेच दिसलं जे तेव्हा दिसायचं: लोक टँकमध्ये एकटे बसतात आणि एकटे जळतात.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. स्वीडनच्या डाइसने २०११ च्या ऑक्टोबरात मूळ गेम काढला, पुढे त्याला पाच विस्तार आले. आर्मर्ड किलच्या आधीचा विस्तार जिने आणि कॉरिडॉरमधला होता, अगदी श्वास कोंडावा असा. त्यावर हा उतारा. चार नकाशे, सगळे इराणमधले आणि सगळे अवाढव्य: बांदर डेझर्ट, अल्बोर्झ माउंटन्स, आर्मर्ड शील्ड, डेथ व्हॅली. अमेरिकेकडे अब्राम्स टँक, रशियाकडे टी-९०. जोडीला नवीन आलेले टँक डिस्ट्रॉयर, म्हणजे अमेरिकेची आठ चाकांची स्ट्रायकर आणि रशियाची स्प्रुट. शिवाय रॉकेट डागणाऱ्या गाड्या, चारचाकी मोटरसायकली आणि डोक्यावर घिरट्या घालणारं एसी-१३० गनशिप, म्हणजे तोफा बसवलेलं विमान. टँक सुपिरिऑरिटी नावाचा एक प्रकारही आला. त्यात मैदानाच्या मध्यावर एकच जागा असते, ती टँकच्या जोरावर धरून ठेवायची.

आता मुद्द्याचं.

मूळ गेमच्या नकाशांवर टँक म्हणजे चालती भिंत. तुम्ही गल्लीतून पुढे जाता, मागून पायदळ येतं. आर्मर्ड किलमध्ये गल्लीच नाही. आर्मर्ड शील्डवर मोकळं माळरान आहे, आणि समोरचा टँक दिसतो तोच मुळी नखाएवढा. तिथवर गोळा पोचेपर्यंत तो खाली येतो, म्हणून नेम वर धरावा लागतो. किती वर, हे कुठे लिहिलेलं नाही. पहिला गोळा पडतो, धूळ उडते, ती कुठे उडाली यावरून दुसरा. तोवर समोरच्याचंही हेच चाललेलं असतं. ज्याचा दुसरा गोळा आधी बरोबर पडला, त्याचं पारडं जड. म्हणून पहिला गोळा मारायची घाई करू नका. आधी जागा धरा. चढाच्या मागे असे थांबा की समोरच्याला फक्त टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग दिसेल. मारा, मागे या, रीलोड होऊ द्या, पुन्हा वर या, पण त्याच जागी नाही. दोन टँकच्या अंतराएवढं डावीकडे किंवा उजवीकडे सरका. समोरचा नेम जुन्या जागेवर धरून बसलेला असतो.

दुसरी गोष्ट बगलेची. समोरून बसलेला मार टँक सोसतो, तोच बाजूला किंवा पाठीत काटकोनात बसला तर निम्मा जीव जातो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाबरल्यावर माणूस पहिलं काय करतो? टँक वळवतो आणि पळतो. म्हणजे पाठ दाखवतो. उलट गिअरमध्ये मागे सरकायला शिका. तोंड शत्रूकडे ठेवून मागे येणं ही एकच सवय लागली, तरी तुमचा टँक दुप्पट वेळ टिकेल.

तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा धागा काढला.

बॅटलफील्ड ३ मध्ये टँकचा जीव ठराविक पातळीखाली गेला की तो 'डिसेबल' होतो. आग लागते, गाडी गोगलगाय होते आणि तशीच सोडली तर आपोआप जळून उडते. आतमध्ये बसून तुम्ही ती वाचवू शकत नाही. कोणीतरी इंजिनिअर, म्हणजे दुरुस्तीचं काम घेतलेला खेळाडू, बाहेर उतरून वेल्डिंगच्या टॉर्चने दुरुस्त करत राहिला तरच गाडी वाचते.

एक रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. अल्बोर्झ, बर्फाचा उतार, मी टी-९० मध्ये. माझा फ्लॅटमधला मित्र वरच्या मशीनगनवर. समोरच्या कड्यावर स्ट्रायकर. तिचा पहिला गोळा पुढून बसला, दुसरा डावीकडून, आणि स्क्रीन धुराने भरला. मी उतरायच्या बटणावर बोट ठेवलं होतं. पलीकडच्या खोलीतून तो ओरडला, "उतरू नको! टँक आडवा कर!" मी टँक तिरका केला. तो उजवीकडून उतरला, टँक आणि कडा यांच्या मधल्या सावलीत वाकून बसला आणि टॉर्च लावली. मला तो दिसत नव्हता. फक्त टॉर्चचा फरफर आवाज येत होता आणि जीवाचा आकडा एकेकाने वर चढत होता. तिसरा गोळा वरून गेला. चौथा समोर बर्फात रुतला. आग विझली, इंजिनाने हुंकार दिला, आणि मी मारलेला पुढचा गोळा स्ट्रायकरच्या अंगात गेला. तिचं चिलखत टँकपेक्षा पातळ असतं, ती तेवढ्यात आटोपली.

मला त्या रात्री मिळालेले गुण आठवत नाहीत. तो फरफर आवाज आठवतो. म्हणून माझं मत असं आहे की आर्मर्ड किलमधला सर्वांत मोठा खेळाडू टॉर्च घेऊन वाकलेला माणूस आहे. चालवणाऱ्याचं काम एवढंच, त्या माणसासाठी आडोसा तयार करणं.

तुमचे अनुभव लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.


निळी शाई | शनिवार, रात्री ११:०५

छान लिहिलंय, वाचनखूण साठवली.

मी गेली काही वर्षं वर्ल्ड ऑफ टँक्स खेळते. त्यात पंधरा विरुद्ध पंधरा, एकदा मेलं की मेलं, आणि कुठल्या जागी चिलखत किती मिलिमीटर जाड आहे हे पाठ असावं लागतं. तुमच्या वर्णनातलं चढाआड थांबणं, तिरकं उभं राहणं आमच्याकडेही आहे. पण टँकमधून उतरणं ही कल्पनाच आमच्याकडे नाही! तुमच्याकडे उतरता येतं म्हटल्यावर लढाई किती बदलते? आणि नवीन माणसाने टँकला पहिल्यांदा काय लावावं, कारण गेममधल्या यादीत बऱ्याच गोष्टी दिसतायत.


कातळकडा | शनिवार, रात्री ११:३०

निळी शाई, धन्यवाद. फार बदलते. वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये चिलखताचं गणित खूप खोल आहे, त्या बाबतीत आमचा गेम साधा आहे. पण आमच्याकडे टँकच्या भोवतीची जमीन जिवंत असते. झुडपात कोणी सुरुंग पेरत असतो, कोणी सी-४ स्फोटकं घेऊन मागून पळत येतो, दूर टेकडीवर कोणी लेझर लावून बसलेला असतो. नुसता समोरचा टँक बघून चालत नाही.

काय लावावं याबद्दल: प्रत्येक गटातून एकच वस्तू घेता येते, त्यामुळे सगळं सुख एकत्र मिळत नाही. सुरुवातीला आयआर स्मोक, म्हणजे क्षेपणास्त्राचा नेम चुकवणारा धूर. डोळे झाकून. चिलखतासाठी रिअॅक्टिव्ह आर्मर, म्हणजे अंगावरचे ठोकळे जे पहिला मार स्वतःवर घेतात. पण त्या बाजूचे ठोकळे एकदा उडाले की ती बाजू उघडी, हे ध्यानात ठेवून पुढच्या वेळी दुसरी बाजू दाखवा. हत्यारांत मी कोएक्सियल, म्हणजे तोफेशेजारची मशीनगन घेतो, कारण माझी भीती पायदळाची आहे. बरेच जण गायडेड शेल घेतात. लेझरने खूण केलेल्या लक्ष्यामागे तो गोळा स्वतः वळत जातो. मला त्यात मजा वाटत नाही.


जॅव्हलिनवाला | रविवार, सकाळी ८:१५

धागा चांगला आहे, पण एका बाजूने लिहिलाय. आता दुसरी बाजू ऐका.

मी हा गेम कायम पायदळात खेळलो. आमच्या गटात दोघंच होतो. एक जण सॉफ्लॅम, म्हणजे लेझरने खूण करणारं यंत्र घेऊन उंचावर, तो टँकवर लेझर धरायचा. मी खाली दगडामागे जॅव्हलिन क्षेपणास्त्र घेऊन. लेझर लागला की मला टँक दिसायचीही गरज नाही. क्षेपणास्त्र आकाशात चढतं आणि टँकच्या छपरावर उतरतं. बांदर डेझर्टवर आम्ही असे किती टँक काढले याला गणती नाही, आणि त्यातल्या बहुतेकांनी शेवटपर्यंत वर पाहिलं नाही.

लॉकचा, म्हणजे क्षेपणास्त्राचा नेम टँकवर बसत असल्याचा पहिला बीप आला की लगेच स्मोक दाबणारे चालक मला फार आवडायचे. कारण स्मोक विरला की पुढची स्मोक भरेपर्यंत तो टँक उघडा. आम्ही लॉक लावायचो, सोडायचो, तो स्मोक दाबायचा, मग आम्ही खरा लॉक लावायचो. म्हणून चालकांना माझा सल्ला: लॉक लागतोय त्या आवाजावर स्मोक दाबू नका, क्षेपणास्त्र सुटल्याचा इशारा आला की दाबा. तेवढा धीर धरणारा चालक मला क्वचितच भेटला.

गायडेड शेलबद्दल तुमचं मत मला पटत नाही. तुमच्या संघात कोणी सॉफ्लॅम घेऊन बसला असेल आणि तुम्ही त्याच्या लेझरचा उपयोग करत नसाल, तर त्या माणसाची मेहनत वाया घालवताय. तुम्हीच म्हणता ना, टँक एकट्याने चालवू नये? लेझर धरणारा पण तुमच्याच टँकचा माणूस आहे, फक्त तो पाचशे मीटरवर बसलाय.

आणि एक. पायदळाने टँक मारणं म्हणजे काही तरी अन्याय आहे असा सूर टँकवाल्यांच्या बोलण्यात नेहमी असतो. १९६५ साली असल उत्तरला ४ ग्रेनेडिअर्सचे अब्दुल हमीद जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानच्या पॅटन टँकसमोर उभे राहिले. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलेलं, उंच उसात आपले सेंच्युरियन टँक दबा धरून, आणि पॅटन त्या चिखलात येऊन रुतले. टँक तेव्हापण आंधळाच होता. ज्याला जमीन कळते त्याने त्याला टिपलं. हमीदांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.


कातळकडा | रविवार, सकाळी ९:४०

जॅव्हलिनवाला, स्मोकबद्दलचं शंभर टक्के खरं. मी तसाच फसलो आहे, कित्येकदा. बीप ऐकला की बोट आपोआप जातं.

आणि लेझर धरणाऱ्याबद्दल तुम्ही बोललात ते मी मान्य करतो. मी हे असं कधी पाहिलं नव्हतं. गायडेड शेल म्हणजे 'गोळा स्वतः जातो, मग माझं कौशल्य काय' एवढाच विचार मी करत आलो. टेकडीवरच्या माणसाचा विचार केला नाही. पुढच्या वेळी लावून बघतो.


शेवटचा थांबा | रविवार, दुपारी १:५०

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे पीसीवाले. तुमच्याकडे चौसष्ट खेळाडू. आम्ही पीएस३ वर चोवीस! तेच अवाढव्य नकाशे आणि चोवीस माणसं. बांदर डेझर्टवर मी एकदा एका झेंड्यापासून (म्हणजे ताब्यात घ्यायच्या जागेपासून) दुसऱ्यापर्यंत टँक नेला आणि वाटेत एकही माणूस भेटला नाही. लोक त्याला कंटाळवाणं म्हणायचे. मला ते फार आवडायचं. इंजिनाची घरघर, वाळू, लांबवर कुठेतरी स्फोट. आणि मग अचानक टेकडीच्या कडेला एक टरेट वळताना दिसायचं. चौसष्टाच्या गोंधळात ती शांतता तुम्हाला मिळालीच नसेल.

आमच्याकडे खरा जमला तो टँक सुपिरिऑरिटी. सगळे एकाच जागेकडे येणार हे नक्की, त्यामुळे चोवीसही पुरेसे व्हायचे. मी आणि माझा चुलत भाऊ, तो साताऱ्याला, मी पनवेलला. हेडसेट एकच होता, तो त्याच्याकडे. मी फोन स्पीकरवर ठेवायचो. संध्याकाळी त्याच्याकडे लोडशेडिंग, मग आमचा टँक रात्री अकरानंतरच निघायचा.

७ नोव्हेंबर २०२४ ला पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वरचे बॅटलफील्ड ३ चे सर्व्हर कायमचे बंद झाले. त्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघं शिरलो. आता त्याला दोन मुलं, मला एक. अल्बोर्झवर फक्त सहा जण होते, सगळे आमच्यासारखेच निरोप घ्यायला आलेले असावेत. कोणी कोणाला मारत नव्हतं. आम्ही टँक वर रडारच्या तळापर्यंत नेला आणि तिथे उभा केला. समोरून एक अब्राम्स आला, आमच्या शेजारी येऊन थांबला. त्याने टरेट खाली केलं. आम्हीही केलं.

पीसीवर सर्व्हर चालू आहेत हे या धाग्यातून कळलं. मला तेवढं सांगा, साध्या लॅपटॉपवर चालेल का?


कातळकडा | रविवार, दुपारी २:३०

शेवटचा थांबा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

हो, चालेल. २०११ चा गेम आहे, त्यामुळे आजच्या बेताच्या ग्राफिक्सच्या लॅपटॉपवरही सेटिंग थोडी उतरवली की नीट चालतो. अडचण पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळाची आहे. जवळचा सर्व्हर मिळाला नाही तर युरोपातल्या सर्व्हरवर जावं लागतं आणि मग लांबचा नेम धरताना समोरचा टँक किंचित उडी मारल्यासारखा दिसतो. त्याची सवय होते. वायफाय नको, वायर लावा.


मोरपंखी | रविवार, सायंकाळी ५:१०

गनशिपबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलते.

आर्मर्ड किलमधल्या टँकच्या लढाईची मजा ज्याने निम्मी घालवली ते म्हणजे गनशिप. एक ठराविक झेंडा ज्याच्या ताब्यात, त्याचं एसी-१३० आकाशात. ते आपोआप गोल फिरत राहतं, तोफांवर कोणीही बसावं आणि खालचे टँक भाजून काढावेत. चढाआड लपणं, तिरकं उभं राहणं, उलट गिअर, हे सगळं जमिनीवरच्या शत्रूसाठी. वरून बघणाऱ्यासमोर यातलं काहीच उपयोगी नाही.

कातळकडा, तुमच्या त्या अल्बोर्झच्या रात्री गनशिप वर असतं तर तुमचा टॉर्चवाला मित्र तीन सेकंदांत गेला असता. तुमचं तत्त्व मला आवडलं, पण ते गनशिप नसतानाचं तत्त्व आहे.


कातळकडा | रविवार, सायंकाळी ६:००

मोरपंखी, रागावू नका, पण इथे माझं मत उलट आहे. गनशिप मलाही आवडत नाही, त्याचा मार खाल्लेला आहे. पण ते एका झेंड्याला बांधलेलं आहे हीच त्याची दोरी. गनशिपने जीव नकोसा केला की अर्धा संघ स्टिंगर आणि इग्ला ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं घेऊन आकाशाकडे बघत बसतो. टँकवाल्यांनी अशा वेळी एकच करायचं, सगळं सोडून त्या झेंड्याकडे निघायचं. झेंडा काढला की गनशिप जातं. म्हणजे टँकला जायला एक जागा मिळते, एक कारण मिळतं. माझ्या अनुभवात या नकाशांवरच्या सर्वांत देखण्या टँकच्या धावा त्या झेंड्याच्या वाटेवरच झाल्या. चार-पाच टँक एकदम, वरून तोफांचा पाऊस, थांबला तो संपला.

टॉर्चवाल्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. वर गनशिप असेल तर उघड्यावर दुरुस्ती करू नये. पूल, कडा, घराची भिंत, काहीतरी डोक्यावर किंवा बाजूला हवं.


मोरपंखी | रविवार, सायंकाळी ६:२५

झेंड्याकडे जाणारे पाच टँक सार्वजनिक सर्व्हरवर मला कधी भेटले नाहीत. एक निघतो, बाकीचे टेकडीवरून बघतात. ज्यांना भेटले ते भाग्यवान. बाकी मत कायम.


भिंगारकन्या | रविवार, रात्री ९:४५

मी इथे फारसं लिहीत नाही. हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे बाबा आर्मर्ड रेजिमेंटमध्ये होते, विजयंता रणगाड्यावर गनर, म्हणजे तोफ मारणारे. निवृत्त झाल्यावर आम्ही नगरला भिंगारलाच राहिलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि शाळा नगरला आहे, आणि तिथलं रणगाडा संग्रहालय नव्वदच्या दशकापासून लोकांसाठी उघडं आहे. लहानपणी दर सुट्टीत आम्ही जायचो. व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, पकडून आणलेले पॅटन. बाबा विजयंताजवळ गेले की हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, बोलायचे नाहीत.

तुम्ही टँक डिस्ट्रॉयरचं लिहिलंत म्हणून सांगते. तिथे आर्चर नावाची ब्रिटिश गाडी आहे. व्हॅलेंटाइनच्या सांगाड्यावर सतरा पौंडी तोफ बसवलेली, आणि तोफेचं तोंड मागच्या बाजूला. मी लहानपणी विचारलं होतं की ही उलटी का बसवली. बाबा म्हणाले होते, "मारायचं आणि सरळ पुढे निघून जायचं, वळावं लागत नाही." तुमचं उलट गिअरचं वाचलं आणि तेच आठवलं. पातळ चिलखत आणि मोठी तोफ घेऊन फिरणाऱ्याने थांबायचं नसतं. स्ट्रायकर काय, स्प्रुट काय, तोच वंश. खरी स्प्रुट तर विमानातून टाकता यावी म्हणून अठरा टनांच्या आसपास ठेवलेली आहे, टी-९० च्या निम्मीसुद्धा नाही, आणि तोफ मात्र तीच १२५ मिमीची.

आता ज्यासाठी लिहितेय ते. माझा भाऊ २०१३ मध्ये हा गेम घरी खेळायचा. एक दिवस बाबा त्याच्यामागे खुर्ची ओढून बसले. आर्मर्ड शील्ड चालू होता. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालवणारा आणि तोफ मारणारा एकच कसा?" भावाने सांगितलं, गेममध्ये असंच असतं. त्यावर त्यांनी विचारलं, "मग बाहेर कोण बघतंय?"

विजयंतात चौघं असायचे. ड्रायव्हर, गनर, लोडर आणि कमांडर. बाबा सांगायचे, गनरला साइटमधून दिसतं ते ताटलीएवढं जग. त्या ताटलीत शत्रू आणून द्यायचं काम कमांडरचं. त्याचा आवाज कानात नसेल तर गनर कितीही चांगला असो, तो आंधळा. गोळा भरल्याचा लोडरचा हुंकार आणि कमांडरचा आवाज, या दोन आवाजांवर माणूस तीस वर्षांनी पण दचकून उठतो असं ते म्हणायचे.

त्यांनी भावाला विचारलं की या गाडीत तिसरी जागा आहे का. होती. सीआयटीव्ही. भावाने ते लावलेलंच नव्हतं, कारण कोणीच लावत नाही. खऱ्या अब्राम्समध्ये ती कमांडरची स्वतंत्र थर्मल दुर्बीण आहे. गनर एकीकडे मारत असताना कमांडर दुसरीकडे पुढचं लक्ष्य शोधतो. गेममध्ये तिसरा माणूस तिथे बसून चारी बाजूंना फिरवू शकतो आणि लेझरने खूण करू शकतो. भावाने त्या दिवसापासून मला तिसऱ्या खुर्चीत बसवलं. मला गेम येत नव्हता. मला फक्त बघायचं होतं आणि सांगायचं होतं. "उजवीकडे, घरामागे, दोन." "मागे कोणीतरी पळतोय." आमचा टँक किती टिकायचा ते मी बघितलंय.

म्हणून कातळकडा, टॉर्चवाला मोठा, मान्य. पण टॉर्चची वेळ येते ती कोणी बाहेर बघत नसतं म्हणून. त्या रात्री डावीकडून आलेला गोळा तुमच्या तिसऱ्या माणसाने आधी पाहिला असता. जॅव्हलिनवाला म्हणतात तो वर न बघणारा टँक, त्यातही तिसरा माणूस नव्हता.

एक विनंती आहे. जळता टँक, जळून उडाला, असं आपण सहज लिहितो. मीही गेममध्ये लिहिते. आमच्या घरात फामागुस्ता या टँकचं नाव खाली मान घालून घेतात. तो पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा, १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. त्यांच्या या सेंच्युरियनला आग लागली होती, सोडून द्या असा हुकूम आला होता, आणि तोफ चालतेय म्हणून ते उतरले नाहीत. तिथेच गेले. वय एकवीस. खेळताना हे आठवावं असं नाही, मी स्वतः आठवत नाही. पण धाग्यात कुठेतरी लिहिलेलं असावं.


जॅव्हलिनवाला | रविवार, रात्री १०:१०

भिंगारकन्या ताई, प्रतिसाद आवडला हा शब्द लहान आहे. बाबांना नमस्कार सांगा.

आणि गेमच्या बाजूने: आम्ही टँक मारताना पहिलं हेच बघायचो की वरच्या मशीनगनवर कोणी आहे का. बंदूक इकडेतिकडे फिरत असेल तर तो टँक सोडून दुसरा शोधायचो. स्थिर असेल तर आत एकटा आहे, बिनधास्त जा. फिरणारी नजर हेच टँकचं खरं चिलखत आहे. तुमच्या बाबांनी दहा मिनिटांत ओळखलं ते मला दोन वर्षांनी कळलं.


निळी शाई | रविवार, रात्री १०:३०

मी गेम विकत घेतला. चालवता येत नाही, पण बघता आणि सांगता येतं! तिसरी खुर्ची मला चालेल का?


कातळकडा | रविवार, रात्री ११:१५

भिंगारकन्या, मी मघापासून काय लिहावं ते शोधतोय. मी तेरा वर्षं त्या रात्रीची गोष्ट सांगतोय आणि डावीकडून गोळा कसा आला हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. फ्लॅटमध्ये आम्ही चौघं होतो. दोघं टँकमध्ये. उरलेले दोघं माझ्याच खोलीत मागे गादीवर बसून माझ्या स्क्रीनकडे बघत होते. त्यातल्या एकाला बसायला आत जागा करता आली असती.

सीआयटीव्ही मी कधीच लावलं नाही, ते लावायचं तर माझी स्मोकची जागा जाते म्हणून. आता वाटतं की बघणारा असेल तर स्मोकची वेळ तरी किती वेळा येईल?

येत्या शनिवारी रात्री साडेनऊला शिरूया. आर्मर्ड शील्ड चालू असलेला सर्व्हर मी शोधून ठेवतो आणि इथे लिहितो. मी चालवतो. निळी शाई तिसऱ्या खुर्चीत. जॅव्हलिनवाला, तुम्ही टेकडीवर सॉफ्लॅम घेऊन, मी गायडेड शेल लावतो. मोरपंखी, गनशिपचा झेंडा आधी घेऊ, दुसरा टँक तुम्ही आणलात तर निदान दोन तरी होतील. मशीनगन आणि टॉर्चसाठी एक जण हवा.


शेवटचा थांबा | रविवार, रात्री ११:२०

टॉर्च मी. भावाला पण विचारतो.


मोरपंखी | सोमवार, सकाळी ७:५०

दुसरा टँक आणते.


भिंगारकन्या | सोमवार, सकाळी ८:३०

मला शनिवारी जमणार नाही, पण रात्री बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. निळी शाईसाठी निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहिते: "काय दिसतंय ते नंतर सांग. आधी कुठे, ते सांग. डावीकडे म्हटलं की तोफ वळायला लागते."